यती, सुग्रीव आणि बोरिवलीचे जंगल

२०१९ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस भारतीय सैन्याच्या अधिकृत ट्विटर खात्यावर काही छायाचित्रे प्रसिद्ध झाली. नेपाळातील मकालू शिखराच्या तळाजवळ ९ एप्रिल रोजी सैन्याच्या गिर्यारोहण तुकडीला बर्फात उमटलेली पावले आढळली, ती ३२ इंच लांब व १५ इंच रुंद होती, आणि ती यतीची असावीत, असे सोबतच्या मजकुरात सुचविले होते. दोन दिवस देशभर थट्टा झाली आणि विषय मागे पडला. मात्र थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांना ती पावले यतीची का असू शकत नाहीत हे सांगता आले असते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. वस्तुतः तो विचारण्याजोगा होता. कारण यतीच्या पाठीराख्यांपाशी आता केवळ भाबडी श्रद्धा नाही, त्यांच्यापाशी एक सिद्धान्तही आहे. हिमालयातील यती, अमेरिकेतील ‘बिगफूट’, मेघालयातील गारो टेकड्यांमधला ‘मांदे बुरुंग’ हे सारे ‘जायगँटोपिथेकस’ नावाच्या एका प्रचंड कपीचे उरलेसुरले वंशज होत, असे ते सांगतात. आख्यायिकेला उत्क्रांतिशास्त्राचे प्रशस्तिपत्र मिळाले की सुशिक्षित मनुष्यही तिच्यापुढे मान तुकवतो.

हा जायगँटोपिथेकस काल्पनिक नव्हे. १९३५ साली फॉन कोनिग्सवाल्ड या संशोधकाला हाँगकाँगमधील एका औषधी दुकानात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून विकावयास ठेवलेल्या जिनसांमध्ये एक अवाढव्य दाढ दिसली. चिनी वैद्यकात असे अश्मीभूत दात कुटून औषध म्हणून देण्याची प्रथा होती. पुढे दक्षिण चीनमधील गुहांतून या प्राण्याचे चार खालचे जबडे आणि दोन हजारांच्या आसपास सुटे दात मिळाले. हाती आहे ते एवढेच! कवटी नाही, हात नाही, पायाचे हाड नाही. तीन मीटर उंची आणि दोन-तीनशे किलो वजन यांचे जे आकडे सर्वत्र छापले जातात, ते दाताच्या मापावरून बांधलेले अंदाज आहेत. तो दोन पायांवर चालत होता असे मानावयास तर तसूभरही पुरावा नाही. २०१९ मध्येच त्याच्या सुमारे १९ लाख वर्षे जुन्या दातातील प्रथिनांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि तो ओरांग-उटानचा दूरचा नातलग ठरला. दोघांच्या शाखा एक कोटी ते एक कोटी वीस लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या होत्या.

तो नाहीसा कसा झाला, याची हकिकत अधिक उद्‌बोधक आहे, आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ती ओळखीची वाटेल. ग्वांग्शी प्रांतातील २२ गुहांमधील अवशेषांचा एकत्रित अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हा प्राणी २ लाख ९५ हजार ते २ लाख १५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात नष्ट झाला. हवामानातील चढउतार वाढले, ऋतुभेद तीव्र झाला आणि वर्षभर फळे देणारी घनदाट अरण्ये विरळ होऊ लागली. ओरांग-उटानच्या तत्कालीन पूर्वजांनी आपला आहार बदलला व हालचालीचा टापू विस्तारला. जायगँटोपिथेकसने फळांच्या दुष्काळात झाडाची साल आणि काटक्या यांवर गुजराण करण्याचा मार्ग पत्करला; त्याचा वावर आखडला आणि संख्या घटली. पोटाची गरज मोठी आणि पर्याय थोडे, अशा कुटुंबाचे मंदीत जे होते तेच या महाकाय प्राण्याचे झाले. दक्षिण चीनच्या उबदार अरण्यात फळे मिळेनाशी झाली म्हणून जो मेला, तो हिमालयाच्या बर्फात लक्षावधी वर्षे काय खाऊन जगला असेल, याचे उत्तर सिद्धान्त मांडणाऱ्यांनी अद्याप दिलेले नाही.

यतीच्या नावाची कुळकथाही पाहण्यासारखी आहे. ‘अबॉमिनेबल स्नोमॅन’ हा शब्दप्रयोग १९२१ साली हेन्री न्यूमन या पत्रकाराने कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मधून रूढ केला, आणि तो मुळात हमालांच्या तिबेटी शब्दांच्या चुकीच्या भाषांतरातून निघाला होता. (वृत्तपत्रातील एक चूक शतकभर कशी टिकते, याचे हे उदाहरण वृत्तपत्राच्या पानावर नोंदवून ठेवलेले बरे.) १९५१ मध्ये एरिक शिप्टनने मेनलुंग हिमनदीवर घेतलेल्या पाऊलठशाच्या छायाचित्राने कुतूहलाचे रूपांतर व्यवसायात केले. १९५९ मध्ये नेपाळच्या सरकारने यतिशोधाच्या मोहिमांसाठी नियम केले: परवान्याकरिता ५,००० भारतीय रुपये, आणि आत्मरक्षणाखेरीज यतीला ठार मारण्यास मनाई. जो प्राणी अस्तित्वात असल्याची खात्री नाही, त्याच्यावर स्वामित्वशुल्क आकारणारे सरकार व्यवहारदृष्टीत कमी होते असे कोणी म्हणू नये.

पुराव्यांची वासलात मात्र एकापाठोपाठ एक लागत गेली. खुमजुंगच्या मठातील यतीची म्हणून जपलेली टाळू एडमंड हिलरी १९६० मध्ये तपासणीसाठी घेऊन गेले. ती सेराव नावाच्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याची निघाली. मेघालयातील मांदे बुरुंगचे म्हणून २००८ मध्ये इंग्लंडला पाठविलेले केस गोरल या रानबकऱ्यासारख्या प्राण्याचे होते. २०१७ मध्ये यतीचे म्हणून संग्रहालयांत व मठांत ठेवलेल्या हाडे, दात, कातडी, केस अशा नऊ नमुन्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. आठ अस्वलांचे निघाले आणि नववा कुत्र्याचा. अस्वल चालताना पुढच्या पंजाच्या ठशावर मागचा पंजा पडतो, दोन्ही मिळून एक लांबट ठसा होतो, उन्हाने त्याच्या कडा वितळल्या की तो फुगतो, आणि ३२ इंचांचे पाऊल तयार होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. गोरिला ही १८४७ पर्यंत पाश्चात्त्यांच्या लेखी दंतकथाच होती. डोंगरी गोरिला त्यांना १९०२ मध्ये कळला. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या एका निराळ्याच मानवजातीचे अवशेष मिळाले. मग यतीचे का मिळू नयेत? उत्तर साध्या हिशेबात आहे. एकच यती हजारो वर्षे जगू शकत नाही. जात टिकावयाची तर नर, माद्या, पिले धरून काही शेकड्यांची लोकवस्ती लागते. ती खाते, मलविसर्जन करते, मरते आणि हाडे मागे ठेवते. बोरिवली, मुलुंड, ठाणे आणि गोरेगाव यांच्या मधोमध पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. तेथला बिबट्या रात्री हिंडणारा, लपण्यात तरबेज प्राणी. तरीही २०१५ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने उद्यान व आरे परिसरातील सुमारे ३५ बिबटे मोजले गेले, आणि तेही अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून प्रत्येकाची ओळख पटवून! जो प्राणी असतो तो असा मोजता येतो.

एवढ्याने यतीचे प्रकरण मिटते. पण हिमालयाच्या पायथ्याशी महाकाय कपी कधीच नव्हता, असा याचा अर्थ मात्र नव्हे. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात हरितल्यांगर नावाचे गाव आहे. त्या परिसरात १९६८ मध्ये एका प्रचंड कपीचा जबडा हाती आला आणि पुढच्याच वर्षी एल्विन सायमन्स व चंदीगढच्या पंजाब विद्यापीठाचे चोप्रा यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी त्याला जायगँटोपिथेकसमध्ये घातले. आता त्याला ‘इंडोपिथेकस’ या वेगळ्या नावाने ओळखतात. तो आठ-नऊ दशलक्ष वर्षांपूर्वीचा. शिवालिक टेकड्यांच्या थरांतून निघालेल्या कपींची नावे वाचताना मराठी वाचकाला क्षणभर आपण भूगर्भशास्त्राचे पुस्तक वाचत आहोत की पोथी, असा संभ्रम पडावा: शिवापिथेकस, ब्रह्मापिथेकस, रामापिथेकस आणि सुग्रीवापिथेकससुद्धा. ‘पिथेकस’ म्हणजे ग्रीक भाषेत कपी. पहिले नाव पिल्ग्रिम या भूगर्भवेत्त्याने १९१० मध्ये दिले. उरलेली तीन येल विद्यापीठाच्या जॉर्ज एडवर्ड लुइस या तरुणाने १९३४ मध्ये.

यांपैकी रामापिथेकसची कहाणी तपशिलाने सांगण्याजोगी आहे. लुइसला १९३२ मध्ये मिळाला होता तो वरच्या जबड्याचा एक तुकडा. पंचवीसेक वर्षे तो दुर्लक्षित राहिला. १९६० नंतर सायमन्स आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड पिलबीम यांनी तो पुन्हा हाती घेतला. दातांची कमान गोलाकार, सुळे लहान, म्हणून हा मानवाचा आद्य पूर्वज असावा असे त्यांनी मांडले. जबड्याच्या तुकड्यांवरून दोन पायांवर चालणारा, हातांनी हत्यारे वापरणारा प्राणी कल्पिला गेला, आणि पाठ्यपुस्तकांतून त्याची चित्रे छापली गेली. मानवाची शाखा १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती, असे एका पिढीने परीक्षेत लिहिले. शिवालिकच्या मातीत रामाचे नाव धारण करणारा मानवाचा मूळपुरुष सापडला, याचा आपल्याकडे कोणाला अभिमान वाटला असल्यास नवल नाही.

१९६७ मध्ये सारिच आणि विल्सन या दोघा जीवरसायनशास्त्रज्ञांनी रक्तातील प्रथिनांच्या तुलनेवरून असा निष्कर्ष काढला की मानव व आफ्रिकी कपी यांची फारकत अवघ्या पन्नास लाख वर्षांपूर्वीची आहे. हाडे तपासणाऱ्यांनी तो हसण्यावारी नेला. पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर खुद्द पिलबीम यांच्याच पथकाला शिवापिथेकसचा जवळजवळ संपूर्ण चेहरा मिळाला आणि १९८२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो चेहरा मानवाचा नव्हता. तो थेट ओरांग-उटानची आठवण करून देणारा होता. रामापिथेकस हा वेगळा प्राणीच नसून शिवापिथेकसचा एक लहान नमुना होता, हे यथावकाश मान्य झाले. मानवाचा मूळपुरुष एका रात्रीत ओरांग-उटानचा चुलता झाला. ज्याने रामापिथेकसला गादीवर बसविले त्यानेच नवा पुरावा पुढे आणला आणि आपली चूक छापून मान्य केली. शास्त्रज्ञही दंतकथा रचतात, हे खरे आहे. परंतु यतीचा शोध लावणाऱ्या कोणाही साहसवीराने अस्वलाचा अहवाल हाती पडल्यावर अशी कबुली दिल्याचे उदाहरण दुर्मीळ.

योगायोग असा की त्याच १९८२ सालच्या डिसेंबरात नर्मदेकाठी, मध्य प्रदेशातील हथनोरा येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. भारतात मिळालेले ते प्राचीन मानवाचे आजवरचे सर्वांत महत्त्वाचे अश्मीभूत अवशेष होत. आणि त्या काळच्या माणसांची हत्यारे शोधावयास नर्मदेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने कांदिवली-बोरिवली परिसरातील ओढ्यांच्या काठच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारे गोळा केली आणि १९३९ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. आज ज्या भूमीवर वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत, तेथे कोणीतरी दगडाला धार लावीत बसले होते.

येथे मराठी भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. ‘मंकी’ आणि ‘एप’ हा भेद आपल्या रोजच्या बोलण्यात नाही. माकड आहे, वानर आहे. ‘कपी’ हा शब्द परिभाषाकारांनी दुसऱ्या अर्थासाठी राखून ठेवला, पण तो पुस्तकाबाहेर फारसा आला नाही. त्यामुळे ‘माणूस माकडापासून झाला’ असे वाक्य रूढ झाले, आणि ‘मग आजची माकडे माणसे का होत नाहीत?’ हा प्रश्न मागोमाग आला. बोरिवलीच्या उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी पर्यटकाच्या हातातील पिशवी ओढणारे माकड माणसाचा पूर्वज नव्हे. त्याचे आणि माणसाचे समान पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी होऊन गेले. चिंपांझीशी असलेले नाते त्याहून पुष्कळ अलीकडचे, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे.

आपला पूर्वज वानर होता हे उघडपणे, आणि काहीशा अभिमानाने सांगणारा एक समाज मात्र याच परिसरात आहे. ठाणे-रायगडच्या डोंगरांतले कातकरी हे रामाच्या सैन्यातील वानरांचे वंशज असल्याचे आपल्या परंपरेत मानतात, अशी नोंद ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरकारांनी केली आहे. ही वंशावळ कातकऱ्यांच्या तोंडी गौरवाची होती, कारण ती लंकेवर चालून गेलेल्या सेनेची होती. साहेबाच्या वहीत उतरताना तिचा अर्थ पालटला. ‘रानटी’ या सदरात त्यांची रवानगी करण्यास ती सोयीची ठरली. मैदानातल्या माणसाने डोंगरातल्या माणसाकडे दुरून पाहिले की त्याला अर्धा मनुष्य व अर्धे जनावर दिसू लागते. जगभरच्या वनमानवांच्या आख्यायिकांचा उगम अश्मीभूत कपींमध्ये शोधण्याआधी तो या दुरून पाहण्यात शोधावा, हे अधिक सयुक्तिक होय. ‘ओरांग-उटान’ या मलायी शब्दाचाही अर्थ ‘वनातला माणूस’ एवढाच आहे.

त्या वनातल्या माणसाचे पुढे काय झाले ते दप्तरात आहे. खैराच्या झाडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा व्यवसाय. नाव त्यावरूनच पडले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांच्या सीमा आखल्या आणि खैरावरील त्यांचा हात सुटला. मग सावकाराचे कर्ज, कोळशाच्या भट्ट्या, आणि आता वीटभट्ट्या. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबासह भट्टीवर जावयाचे आणि पावसाच्या तोंडावर उचल फिटली असल्यास परतावयाचे, हे चक्र ठाणे-रायगडच्या अनेक वाड्यांवर अजून चालू आहे. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम जमातींत गणले आहे, त्यांत कातकरी एक आहेत. कोलाम आणि माडिया गोंड या अन्य दोन. मुंबई उपनगरांना जी वीट लागली, तिच्या हिशेबात या वानरवंशीयांच्या श्रमाची रक्कम किती धरली गेली, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून क्वचितच आढळते.

उद्यानातील आणि आरे वसाहतीतील पाड्यांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा जमातींचे वास्तव्य आहे. त्यांनी आपल्या जंगलासाठी यती निर्माण केला नाही. त्यांचा देव वाघोबा. प्रत्यक्ष जंगलात वावरणाऱ्या आणि शेळी-कुत्रे उचलून नेणाऱ्या जनावराचाच देव. दगडावर किंवा लाकडावर कोरलेल्या वाघोबाला वर्षातून एकदा नैवेद्य दाखवावा आणि त्याने आपल्या वाटेस जाऊ नये, असा हा दोन शेजाऱ्यांमधील करार आहे. २००४ मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत उद्यानाच्या कडेला अनेक माणसे दगावली, तेव्हा इमारतींतील रहिवाशांनी पिंजऱ्यांची मागणी केली. पकडलेली जनावरे दुसरीकडून आणून येथे सोडल्यानेच हल्ले वाढले असावेत, हे अभ्यासकांनी नंतर दाखविले. आणि १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश निघाल्यावर, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या पाड्यांवरील लोकांना आपण अतिक्रमक नाही हे कागदावर सिद्ध करण्याची पाळी आली.

अशा स्थितीत उत्क्रांतीचे शिक्षण ही चैनीची बाब मानणे परवडणारे नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तत्कालीन केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जाहीरपणे सांगितले की कपीचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे आणि अभ्यासक्रम बदलला पाहिजे. सिंह हे एके काळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना केवळ पाऊलखुणा, रक्ताचे नमुने आणि मागे राहिलेल्या वस्तू यांवरून गुन्हा शाबीत होतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्यांचे म्हणणे खोडून काढले. तथापि २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच. महासाथीच्या काळात ओझे हलके करण्याच्या सबबीखाली तो आधी वगळला होता, मग कायमचा काढला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी सह्यांचे निवेदन दिले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, असा खुलासा झाला. पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणारे, म्हणजे वाणिज्य आणि कला शाखांचे सारे विद्यार्थी, आणि जे दहावीनंतर शिकतच नाहीत ते, या सर्वांपुरता शिवापिथेकस मेला. यती मात्र त्यांच्या हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर रोज जिवंत होतो.

भारतात आज एकच कपी उरला आहे. तो महाकाय नाही. जेमतेम सात-आठ किलोंचा हूलॉक गिबन, ईशान्येच्या जंगलांत झाडावरून झाडावर झोके घेत राहणारा, जमिनीवर सहसा न उतरणारा. त्याच्यासाठी आसामात जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार येथे अभयारण्य आहे. क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या उद्यानाचा पाचवा हिस्सा. सभोवती चहाचे मळे आहेत. या अभयारण्याच्या मधून एक रेल्वेमार्ग जातो. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना पोहोचत नाहीत, म्हणून एका बाजूचे गिबन दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी रुळांवरून एक लोखंडी पूल टाकून पाहिला. गिबनांनी तो वापरला नाही.